केळीवरची चिलटे आणि डॉ. ओबैद सिद्दिकी



केळी म्हणजे काय, हे जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. रावेर, यावल, चोपडा या बाजूला तर लहान मूलही घडाकडे पाहून माल कापणीला आला की नाही ते सांगते. घरात एखादी फणी जास्त पिकली, सालीवर काळे डाग पडले, की दुसऱ्याच दिवशी तिच्याभोवती बारीक, तांबड्या डोळ्यांची चिलटे घिरट्या घालू लागतात. आपण ती हाताने उडवतो, फणी बकरीपुढे टाकतो आणि विसरून जातो. धुळ्याच्या बाजारात सायंकाळी हातगाडीवर उरलेल्या फळांवरही तीच चिलटे दिसतात. आंब्याचे व वेलवर्गीय भाज्यांचे नुकसान करणारी जी फळमाशी शेतकऱ्यांना ठाऊक आहे ती ही नव्हे. ती आकाराने मोठी व जातीने निराळी. आपले हे चिलट बिचारे सडत आलेल्या फळावर जगते. शास्त्रात त्याला ड्रॉसोफिला म्हणतात.

या चिलटांवर जवळजवळ चाळीस वर्षे काम करून जगातल्या मोठमोठ्या विज्ञानसंस्थांत मान मिळविणारा एक शास्त्रज्ञ आपल्या मुंबईत होऊन गेला. त्यांचे नाव डॉ. ओबैद सिद्दिकी. नटांची आणि क्रिकेटपटूंची नावे आपल्या मुलांना पाठ असतात. हे नाव मात्र आपल्या फारच थोड्या घरांतून माहीत आहे. ही गोष्ट मला बरीच वर्षे खटकत आली आहे, म्हणून स्मरणिकेच्या या पानांत त्यांची हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहे.

ओबैद सिद्दिकी यांचा जन्म ७ जानेवारी १९३२ रोजी उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात झाला. बस्ती-गोरखपूर भागातून मुंबईला येणाऱ्या कित्येक गाड्या आपल्या भुसावळ-जळगाववरूनच जातात, त्यामुळे ते नाव स्टेशनवर ऐकलेले तुम्हांला आठवेल. देशाची फाळणी झाली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. पुढचे शिक्षण अलिगड मुस्लिम विद्यापीठात झाले. तेथे ते डाव्या विचारांच्या विद्यार्थी चळवळीत ओढले गेले आणि त्यापायी त्यांना तुरुंगवासही घडला. पालकांना हे वाचून धस्स होईल. पण त्या काळातल्या अनेक बुद्धिमान मुलांची वाट तुरुंगावरून गेली आहे, आणि सिद्दिकी तेथून परत वनस्पतिशास्त्राच्या वर्गात येऊन बसले, हेही ध्यानात घ्यावे.

एम.एस्सी. झाल्यावर ते दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत गव्हाच्या आनुवंशिकीचे काम करू लागले. आनुवंशिकी म्हणजे आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात, याचा अभ्यास. गव्हावर असा अभ्यास करावयाचा म्हणजे पेरणी, संकर, कापणी आणि मग पुढच्या हंगामाची वाट पाहणे. एके वर्षी गारपीट झाली आणि प्रयोगाचे शेतच झोडपून निघाले. खानदेशच्या शेतकऱ्याला गारपीट काय असते ते समजावून सांगायला नको. शेतकरी कपाळाला हात लावतो आणि पुन्हा पेरतो. सिद्दिकींनी मात्र पीकच बदलले. ज्याची पिढी वर्षाऐवजी काही दिवसांत तयार होते आणि जे काचेच्या तबकडीत वाढते, अशा सूक्ष्म जीवांकडे ते वळले.

त्यासाठी ते स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात प्रा. ग्विदो पोन्तेकोर्वो यांच्याकडे गेले. हे प्राध्यापक मूळचे इटलीचे, ज्यू घराण्यातले. तेथील फॅसिस्ट राजवटीच्या वंशद्वेषी कायद्यांच्या काळात त्यांना देश सोडावा लागला होता. पूर्वी तेही शेतीच्या जनावरांच्या पैदाशीचे काम करीत आणि नंतर बुरशीकडे वळले होते. गुरुशिष्यांची जोडी अशी जुळली. सिद्दिकींच्या वाट्याला आली अॅस्परजिलस नावाची बुरशी. शिळ्या अन्नावर नाना रंगांची बुरशी येते, त्याच कुळातली ही.

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेऊ या, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब धागा असतो. त्या धाग्यावर चार प्रकारच्या रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. त्या मजकुरातला एकेक हुकूम म्हणजे एकेक जनुक, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की, जनुके ही तसबीहच्या मण्यांसारखी ओवलेली असतात. मणी एकापासून दुसरा सुटा होईल, पण एक मणी मधोमध फुटणार नाही. ही समजूत पन्नासच्या दशकात मोडली. एकाच जनुकाच्या आतही तोडजोड होते, हे निरनिराळ्या ठिकाणी सिद्ध झाले. सिद्दिकींनी बुरशीच्या एका जनुकाचा आतून नकाशा काढला आणि आतली तोडजोड सगळीकडे सारखी होत नसून ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कमी-जास्त होत जाते, असे दाखविले. १९६१ साली त्यांना ग्लासगोची पीएच.डी. मिळाली.

तेथून ते अमेरिकेत गेले आणि पेनसिल्व्हानिया विद्यापीठात अॅलन गॅरेन यांच्याबरोबर काम करू लागले. बुरशी गेली, जीवाणू आला. ई. कोलाय हा जीवाणू तुमच्या-आमच्या आतड्यांत राहतो आणि अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. या जीवाणूत एक विकर, म्हणजे एन्झाइम असते. त्याचे काम फॉस्फेट मोकळे करून घेण्याचे. शेतीला आपण सुपर फॉस्फेट घालतो ते ज्या घटकासाठी, तोच हा घटक. गंमत अशी की, भोवती फॉस्फेट मुबलक असले तर जीवाणू हे विकर बनवीतच नाही. फॉस्फेटचा तुटवडा पडला की जनुक जागे होते आणि विकर भराभर तयार होऊ लागते. घरात प्रत्येक खोलीत दिवा असतो, पण शहाणी गृहिणी सगळे दिवे एकदम लावीत नाही, तसेच हे. जनुके केव्हा चालू व्हावीत आणि केव्हा बंद राहावीत याची व्यवस्था पेशीतच असते, आणि ती व्यवस्था पाहणारी जनुकेही वेगळी असतात. पॅरिसच्या जाकोब आणि मोनो या दोघांनी दुधातल्या साखरेच्या बाबतीत हे १९६१ मध्ये स्पष्ट केले व पुढे १९६५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गॅरेन यांची प्रयोगशाळा फॉस्फेटच्या बाबतीत त्याच प्रश्नामागे होती.

गॅरेन आणि सिद्दिकी यांना या विकराच्या जनुकात काही विचित्र बिघाड आढळले. काही जीवाणूंत विकर तयारच होत नसे. जणू हुकुमाच्या मजकुरात मध्येच पूर्णविराम पडला आहे आणि वाचणारा तेथेच थांबला आहे. पण जीवाणूत अन्यत्र दुसराच एक बदल झाला की हे विकर पुन्हा थोडेफार बनू लागे. म्हणजे मजकूर चुकलेलाच आहे, पण वाचणारा आता त्या चुकीच्या पूर्णविरामावर थांबत नाही, पुढे वाचतो. १९६२ साली हे काम प्रसिद्ध झाले. तीन-तीन अक्षरांचे चौसष्ट शब्द असलेल्या या भाषेत तीन शब्द केवळ थांबण्यासाठी असतात, हे पुढच्या पाच वर्षांत इतरांनी पक्के केले. त्या शोधाकडे नेणाऱ्या पायऱ्यांत गॅरेन-सिद्दिकींची ही पायरी महत्त्वाची मानली जाते.

आता तीस वर्षांच्या, अमेरिकेत नाव झालेल्या या तरुणाने काय करावे? राहून जावे, असे आपल्यापैकी बहुतेकांनी सुचविले असते. पण याच सुमारास लिओ झिलार्ड या थोर शास्त्रज्ञाने त्यांच्याविषयी डॉ. होमी भाभांना कळविले. भाभा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था चालवीत होते. ती गणित आणि पदार्थविज्ञानाची संस्था. जीवशास्त्राचे तेथे नाव नव्हते. कुलाब्याला समुद्रकाठी बांधलेल्या तिच्या नव्या इमारतीचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले होते. त्याच वर्षी भाभांनी सिद्दिकींना बोलावून रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा करण्यास सांगितले. अशा विषयाचा स्वतंत्र विभाग तेव्हा आपल्या देशात जवळजवळ कोठेच नव्हता. सिद्दिकी आले आणि तीस वर्षे मुंबईत राहिले. भाभांचा जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला, तरी तो विभाग टिकला व वाढला.

मुंबईत आल्यावर काही वर्षे त्यांनी जीवाणूंवरच काम केले. दोन जीवाणू जवळ येतात, एकाच्या डीएनएचा एक पदर दुसऱ्यात शिरतो आणि तेथल्या डीएनएत मिसळून जातो. हे मिसळणे नेमके कसे होते, याचा शोध त्यांनी घेतला. अमेरिकेतील मॉरिस फॉक्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला याविषयीचा निबंध १९७३ सालचा आहे.

मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट याच सुमारास घडली. वय चाळिशीच्या आसपास, स्वतःचा विभाग, हाताखाली विद्यार्थी, देशात नाव. अशा वेळी माणूस खुर्चीत स्थिर होतो. सिद्दिकी मात्र पुन्हा विद्यार्थी झाले. कॅलिफोर्नियात सिमूर बेन्झर नावाचे शास्त्रज्ञ चिलटांच्या वागणुकीचा अभ्यास करू लागले होते. बेन्झर हे मूळचे पदार्थवैज्ञानिक. विषाणूंच्या जनुकांवर कीर्ती मिळवून तेही नव्या विषयात उतरले होते. सिद्दिकी त्यांच्याकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा माशी हाताळायला शिकले. गहू, बुरशी, जीवाणू, आणि आता माशी. दरवेळी नवी भाषा, नवी उपकरणे, पहिल्या दिवसापासून सुरुवात.

माशीच का, असे तुम्ही विचाराल. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये टॉमस हंट मॉर्गन या प्राध्यापकांना दुधाच्या बाटल्यांत वाढवलेल्या चिलटांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला. तेव्हापासून हा कीटक आनुवंशिकीचा लाडका झाला. या चिलटांना सुरुवातीस खाद्य म्हणून काय देत असत, ठाऊक आहे? कुस्करलेली केळी! पुढे मक्याच्या पिठाचा खळ देऊ लागले. केळी जळगावची आणि मका धुळ्याचा म्हटले तर आपल्या खानदेशात या शास्त्राला लागणारा शिधा घरचाच आहे. चिलटाची पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, एक मादी शेकडो अंडी घालते, गुणसूत्रांच्या जोड्या फक्त चार. एका लहान खोलीत लाखो चिलटे मावतात आणि त्यांना ना चारा लागतो, ना गोठा. गरीब देशाने विज्ञान करावयाचे तर याहून स्वस्त प्राणी मिळणे कठीण.

सिद्दिकी व बेन्झर यांनी काय केले पाहा. चिलटांना साखरपाण्यातून एक रसायन पाजावयाचे, की त्याने जनुकांत कोठे ना कोठे बिघाड व्हावा. मग त्यांच्या हजारो वंशजांना काचेच्या नळीत घालून नळी तापवावयाची. बहुतेक चिलटे भिंतीवर चढत राहतात. एखादेच धपकन खाली पडते. ते उचलून थंड जागी ठेवले की पुन्हा उठून चालू लागते. असे चिलट म्हणजे खजिनाच. कारण त्याचे जे जनुक बिघडले आहे ते नेहमीच्या तापमानात काम करते व उष्म्यात बंद पडते. दिव्याचे बटण जणू शास्त्रज्ञाच्या हाती आले. पॅरालिटिक या नावाची अशी एक जात १९७१ मध्ये कॅनडात सापडली होती. २९ अंश सेल्सिअसला ती काही सेकंदांत लुळी पडते आणि गारव्यात आणताच लगेच उठते. सिद्दिकी-बेन्झर जोडीला मिळालेल्या कोमॅटोज नावाच्या जातीला ३८ अंशांच्या आसपासची उष्णता लागते, आणि तिला शुद्धीवर यायला बराच वेळ लागतो. ३८ अंश म्हणजे आपल्याकडे मार्च महिन्याची दुपार. या माश्यांच्या मज्जातंतूंतून वीज कशी वाहते आणि कोठे अडते, हे दोघांनी सूक्ष्म विद्युत्‌मापनाने पाहिले. त्यांचा निबंध १९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मुखपत्रात छापून आला.

एक माशी पडली काय आणि उठली काय, त्याने कोणाचे पोट भरणार, असे म्हणणारा एखादा तरी वाचक असेलच, म्हणून पुढचे सांगतो. पॅरालिटिक जनुक हे मज्जातंतूंतून सोडियमचे कण आत घेणाऱ्या दरवाजाचे जनुक आहे, असे १९८९ मध्ये कळले. आपण कपाशीवर बोंडअळीसाठी सायपरमेथ्रिन फवारतो, मच्छरांसाठी घरात ज्या अगरबत्त्या व वड्या लावतो, त्यांतले औषध कीटकाच्या नेमक्या याच दरवाजावर हल्ला करते. दरवाजा उघडाच राहतो आणि कीटक तडफडून मरतो. मच्छर त्या औषधाला जुमानेनासे होतात, त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्यांच्या याच जनुकात झालेला लहानसा बदल. माणसातही याच दरवाजाची भावंडे आहेत आणि त्यांतल्या एकात बिघाड झाला तर बाळांना फेफऱ्याचा एक गंभीर प्रकार होतो. कपाशीची फवारणी, मच्छर आणि फेफऱ्याचे झटके येणारे लेकरू, ही सारी त्या एका दरवाजापाशी एकत्र येतात.

मुंबईला परतल्यावर सिद्दिकींनी आणखी एक प्रश्न हाती घेतला. चिलटाला केळे पिकल्याचा वास येतो कसा? गोड आणि कडू त्याला कसे कळते? वास आणि चव हे काही मोजमाप करावयाचे विषय नव्हेत, असे तेव्हा अनेकांना वाटे. यात त्यांना एक विद्यार्थिनी मिळाली आणि तिची हकीकत सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. व्हेरॉनिका रॉड्रिग्ज या मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या, पण १९५३ मध्ये केनियात जन्मलेल्या. युगांडात शिक्षण सुरू केले, तेथील राजकीय धामधुमीत ते सुटले, मग आयर्लंडमध्ये डब्लिनला पदवी घेतली. सिद्दिकींचे संशोधन वाचून त्यांनी थेट पत्र लिहिले आणि मुंबईला आल्या. ओळख नाही, शिफारस नाही, केवळ पत्र. तबकडीत काही भागांत साधा खळ व काही भागांत साखर किंवा कडू द्रव्य घातलेला खळ ठेवून किती चिलटे कोठे बसतात ते मोजावयाचे, अशा साध्या परीक्षांतून ज्यांना चव कळत नाही किंवा वास येत नाही अशा जाती या दोघांनी निवडून काढल्या. १९७८ साली त्यांचा पहिला मोठा निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात, म्हणजे आपल्याच देशात प्रसिद्ध झाला. पुढे त्या स्वतः नामांकित शास्त्रज्ञ झाल्या. २०१० मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

मुलीला पुढे शिकवू की नको, असे विचारायला दर जून महिन्यात आमच्याकडे पालक येतात. त्यांना मी व्हेरॉनिकाबाईंचे नाव सांगतो. ते ऐकून घेतात आणि मग हळूच विचारतात, की यात नोकरी कोणती? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. मूलभूत विज्ञानात पैसा उशिरा येतो आणि डॉक्टरी-इंजिनिअरिंगइतका येत नाही, हे खरे. मात्र एवढे माहीत असू द्या की, टाटा संस्थेसारख्या ठिकाणी पीएच.डी. करणाऱ्याला फी भरण्याऐवजी दरमहा विद्यावेतन मिळते, प्रवेश लेखी परीक्षा व मुलाखतीवर होतो, आणि २००६ पासून पुण्यात भारत सरकारची विज्ञान शिक्षणाची जी मोठी संस्था सुरू आहे तिची प्रवेशपरीक्षा आपली जळगाव-धुळ्याची मुले बारावीनंतर देऊ शकतात. तिथवर जाणारी मुले आपल्यात अजून थोडी आहेत. त्याचे एक कारण घरी ही नावे कोणी घेत नाही, हे आहे असे माझे मत आहे.

मार्च २००० मध्ये चिलटाचा संपूर्ण जनुकीय मजकूर, ज्याला जीनोम म्हणतात, वाचून प्रसिद्ध झाला. सुमारे बारा कोटी अक्षरे आणि त्यांत साधारण तेरा हजार सहाशे जनुके. माणसाच्या रोगांशी निगडित जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुकांची भावंडे या चिमुकल्या जीवात आढळली. वासाची जनुकेही याच वाचनात हाती आली. ती साठच्या आसपास आहेत. आणि येथे पुन्हा तो दिव्यांचा हिशेब येतो. चिलटाच्या वास घेणाऱ्या प्रत्येक मज्जापेशीत ही सगळी साठ जनुके असतात, पण बहुधा एकच चालू असते, बाकीची बंद. म्हणूनच एक पेशी पिकलेल्या केळ्याची वर्दी देते, तर शेजारची आंबलेल्या रसाची. कोणत्या पेशीत कोणते बटण दाबावयाचे हे कोण ठरवते, यावर आजही शास्त्रज्ञ झटत आहेत. वासाच्या जाती तबकडीत चिलटे मोजून निवडणाऱ्या सिद्दिकींच्या हाती १९७८ मध्ये हा मजकूर नव्हता. काळोख्या घरात कोणत्या खोलीत दिवा लागत नाही, एवढेच बाहेरून पाहून त्यांनी तारांचा अंदाज बांधला होता.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व व पद्मभूषण, २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे परदेशी सदस्यत्व, २००६ मध्ये पद्मविभूषण. पण त्यांचे खरे स्मारक बंगळुरूत आहे. मुंबईच्या विभागातून वाढत गेलेल्या कल्पनेतून त्यांनी टाटा संस्थेचेच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र नव्वदच्या दशकाच्या आरंभी तेथील कृषि विद्यापीठाच्या आवारात उभे केले. गव्हाच्या शेतातून निघालेला माणूस शेवटी कृषि विद्यापीठाच्या जमिनीवरच येऊन पोहोचला. ते केंद्राचे पहिले संचालक. संचालकपद सोडल्यावर त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. ऐंशी वर्षे उलटली तरी त्यांचे माश्यांवरचे काम चालूच होते. पत्नी आसिया सिद्दिकी इतिहासाच्या अभ्यासक, मुलगा इम्रान हैदराबादला वनस्पतींच्या जनुकांचा शास्त्रज्ञ. स्वतः डॉक्टरसाहेबांना सरोदचा नाद होता.

जुलै २०१३ मध्ये बंगळुरूच्या रस्त्यावरून पायी जात असता एका दुचाकीची त्यांना धडक बसली. डोक्याला मार लागला आणि २६ जुलै रोजी ते अल्लाहला प्यारे झाले. वय एक्याऐंशी. ज्या कोमॅटोज चिलटाला त्यांनी व बेन्झर यांनी सत्तरीच्या दशकात हुडकले होते, त्याचे बिघडलेले जनुक कोणते ते १९९५ च्या सुमारास उलगडले होते. मज्जातंतूच्या टोकाशी रसायनाच्या बारीक थैल्या असतात. त्या फुटून निरोप पुढे जातो. एकदा वापरलेली कडी सोडवून ती पुन्हा वापरण्याजोगी करणारे जे प्रथिन, ते या चिलटात उष्म्याने बंद पडते. हे प्रथिन अमेरिकेच्या जेम्स रॉथमन यांनी स्वतंत्रपणे, प्राण्यांच्या पेशींतून शोधले होते. पेशींतल्या या थैल्यांच्या वाहतुकीवरील कामासाठी रॉथमन व अन्य दोघांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले ते ऑक्टोबर २०१३ मध्ये.

आता विद्यार्थ्यांसाठी एक काम. पावसाळा संपता संपता स्वच्छ धुतलेली काचेची बाटली घ्या. तळाशी फार पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवा आणि बाटली दिवसभर उघडी ठेवा. आत दहा-बारा चिलटे शिरली की तोंडाला कापसाचा बोळा घट्ट लावा. चार-पाच दिवसांत पांढऱ्या बारीक अळ्या दिसतील, मग काचेवर तपकिरी कोष चिकटतील, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी नवी पिढी बाहेर पडेल. भिंगातून डोळ्यांचा रंग पाहा, पंख मोजा, आकड्यांची नोंद वहीत करा. उन्हाळ्यात करणार असाल तर बाटली माठाच्या गारव्याला ठेवा, आपल्याकडचे ऊन त्यांना सोसत नाही. आणि आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर बाटली पहिल्याच दिवशी उकिरड्यावर जाईल.